हाडांची साक्ष आणि कागदाचा अभाव

मनुष्याचे वय त्याच्या हाडांवर लिहिलेले असते, असे न्यायालयाच्या आवारात मोठ्या विश्वासाने बोलले जाते. लिहिलेले असते हे खरे. परंतु ते तारखेने लिहिलेले नसते. या दुसऱ्या अर्ध्या सत्याची किंमत ज्यांच्या घरी कागद नाही त्यांच्याच मुलींना मोजावी लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बंधुभगिनींनो, शास्त्र काय म्हणते ते प्रथम पाहू. वाढत्या वयात लांब हाडाचा दांडा आणि त्याची टोके वेगवेगळी असतात. त्यांच्यामध्ये कूर्चेचा थर असतो व तेथेच हाड वाढते. वाढ संपत आली की कूर्चेचे हाड बनते आणि टोक दांड्याला सांधले जाते. क्ष-किरणांच्या चित्रात हे दिसते. कोपर साधारण 13 ते 16 या वयात सांधते, मनगट 16 ते 19 मध्ये, कमरेच्या हाडाची कड 18 ते 20 च्या आसपास, आणि खांद्यापासून छातीपर्यंत आलेल्या गळ्याखालच्या हाडाचे आतील टोक तर पंचविशीच्या आगेमागे. मुलींची हाडे मुलांपेक्षा एकदोन वर्षे आधी सांधतात. दीर्घ आजार व उपासमार हे सारे लांबणीवर टाकतात. ताटात अर्धीच भाकर असेल तर हाडही उशिरा पिकते. आणि ज्या ग्रॉयलिक व पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी हाताची चित्रे जगभर ताडून पाहिली जातात, तो 1950 साली प्रथम प्रसिद्ध झाला, तोही अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून! आमच्या वस्तीतील मुलीचे मनगट त्या मापाने मोजावयाचे काय?

अशा परीक्षेतून वयाचा पट्टा निघतो, वय निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे जाणून 1982 साली जया माला प्रकरणात सांगितले की, क्ष-किरणाने ठरविलेल्या वयात दोन्ही बाजूंस दोन वर्षांची चूक संभवते. त्या प्रकरणात हा नियम एका स्थानबद्ध विद्यार्थ्याच्या उपयोगी पडला. उत्तम झाले. पण हाच नियम अत्याचारपीडित मुलीला लावला म्हणजे काय होते ते पाहा. 2024 साली दिल्ली उच्च न्यायालयाने असे ठरविले की, पॉक्सो कायद्याखालील खटल्यात हाडांवरून आलेल्या पट्ट्याची वरची मर्यादा धरावी व तीत आणखी दोन वर्षे मिळवावीत. डॉक्टरांनी 14 ते 16 म्हटले, तर हिशेब 18 वर जातो. आणि 18 वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ती बालक उरत नाही. चौदा वर्षांची असू शकणारी मुलगी बेरजेने सज्ञान झाली!

ही नवी गोष्ट नाही. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर जे घडले, त्या खटल्यातही वैद्यकीय अंदाज 14 ते 16 असाच होता. संमतीच्या वयाची रेषा तेव्हा 16 वर होती. ती 16 हून लहान असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे सत्र न्यायालय म्हणाले. मग वाद संमतीवर आला आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयातून पोलीस निर्दोष सुटले.

संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, या तत्त्वाशी आमचे भांडण नाही. खोट्या खटल्यात अडकविला जाणारा तरुणही बहुधा आमचाच असतो. आमचे भांडण संशय निर्माण करणाऱ्याशी आहे. जन्माची नोंद 1969 च्या कायद्याने सक्तीची केली. ती पाड्यावर व वस्तीत पोहोचविणे कोणाचे काम होते? ज्यांच्या घरी जोशीबुवा पत्रिका मांडीत, त्यांचा जन्म घटका-पळांसह लिहिला गेला. आमच्या आया मात्र दुष्काळाच्या साली, पुराच्या साली बाळंत झाल्या, आणि पुढे गुरुजींनी सर्वांना 1 जून ही एकच जन्मतारीख वाटून दिली. (एकाच दिवशी एवढी जनता जन्माला आल्याचे उदाहरण जगात दुसरे नसावे.)

2015 च्या बालन्याय कायद्याचे कलम 94 आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र मागते, ते नसल्यास नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांकडे वळते. शाळा सोडल्याचा दाखला यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केले आहे. तेव्हा घरात बाळ जन्मताच 21 दिवसांत नोंद करा. तिला शुल्क नाही. वर्ष उलटले असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने उशिरा नोंद होते. त्या कचेरीत हेलपाटे पडतील, ते घाला. आणि हाडांची परीक्षा टळतच नसेल, तर कोणती हाडे पाहिली, ती कोणत्या मापाशी ताडली व मुलीच्या पोषणाचा विचार केला की नाही, हे अहवालात लेखी मागा. नुसता आकडा स्वीकारू नका.