जुनी मोठी गाडी: धंद्यालाही आणि घरालाही?



ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून एक प्रश्न सारखा येतो. "सर, केटरिंग सुरू केलंय. चार-साडेचार लाखात जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ मिळतेय. आठवडाभर माल वाहीन, रविवारी घरच्यांना घेऊन टिटवाळ्याला जाईन. घेऊ का?" केटरिंगच्या जागी डेकोरेशन घाला, साउंड सिस्टिम घाला, पापड-मसाले घाला. प्रश्न तोच राहतो.

माझं मत आधीच सांगतो. माणसं जास्त आणि सामान कमी असेल तर जरूर घ्या. रोजचा माल वाहायचा असेल तर घेऊ नका. कारण मायलेज नाही, कारण तुमच्या इन्शुरन्सच्या कागदावर आहे. तो कागद कोणी वाचत नाही, म्हणून आज त्यावरच बोलू.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीची पॉलिसी काढा. त्यात 'वापराच्या मर्यादा' असा एक भाग असतो, बहुतेक वेळा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. भाड्याने वापर चालणार नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्याच खाली मालवाहतूकही चालणार नाही असं असतं, आणि सूट फक्त सॅम्पल आणि स्वतःच्या सामानाला. आता विचार करा. शिळफाट्यावर मागून ट्रकने ठोकलं आणि तुमच्या गाडीत ऑर्डरचे आठ टोप, दोन शेगड्या आणि सिलिंडर आहेत. सर्व्हेअर फोटो काढणार. "माल माझाच होता हो, भाडं घेतलं नव्हतं" हे तुम्ही सांगणार, आणि क्लेम अडकायला तेवढं पुरतं. चार लाखांची गाडी म्हणजे तुमचं अख्खं भांडवल असेल तर ही जोखीम लहान नाही. पोटात सिलिंडर घेऊन मुलांना मागे बसवण्याबद्दल तर मी बोलतच नाही.

मग कोणाला चालेल? ब्रायडल मेकअप करणाऱ्या ताईंना, ज्यांच्याबरोबर तीन मदतनीस आणि चार बॅगा असतात. क्लास घेणाऱ्यांना. कापडाचे किंवा टाइल्सचे नमुने घेऊन भिवंडी ते बदलापूर फिरणाऱ्यांना. यांच्यासाठी सात सीटची जुनी गाडी खरंच कामाची आहे. तरीही एजंटला तुमचा वापर स्पष्ट सांगा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "चालतं हो दादा" क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

रोजचा माल असेल तर पिवळ्या प्लेटची जुनी टाटा एस किंवा बोलेरो पिकअप बघा. "त्याला वेगळं लायसन्स लागेल ना?" नाही. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय.

काही जण म्हणतात, एसयूव्हीला मागे फूड ट्रेलर जोडू. परदेशातले व्हिडिओ बघून ही कल्पना येते. आपल्याकडे ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याकडून हुक लावून घेतला म्हणजे झालं असं नाही. आणि संध्याकाळी सहा वाजता फडके रोडवर ट्रेलर रिव्हर्स घेऊन दाखवा, मग बोलू!

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. गाडी साडेचार लाखाला घेतली, तीन वर्षांनी तीन लाखाला विकली. म्हणजे दीड लाख भागिले ३६, महिन्याला सुमारे ४२०० रुपये घट. इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग ५०००. पार्किंग २०००. झाले ११,२००, गाडी जागेवर उभी असताना. ३० किलोमीटरच्या फेरीला, लिटरला १२ चं अ‍ॅव्हरेज आणि ९० रुपयांचं डिझेल धरलं तर २२५ रुपये. भाड्याचा टेम्पो त्याच फेरीला ८०० घेतो असं धरू. फेरीमागे वाचले ५७५. म्हणजे महिन्याला २० फेऱ्या झाल्या तर तुम्ही जेमतेम बरोबरीत! त्यात टेम्पोवाला गाडी स्वतः चालवतो, वर टोप उचलायला हातही लावतो. आठ-दहा ऑर्डरवाल्याने भाड्याचा टेम्पोच वापरावा. घरच्या फिरण्यासाठी गाडी हवी असेल तर तो खर्च घरखर्चात लिहा, धंद्याच्या वहीत नको.

एवढं करूनही जुनी गाडी घ्यायचीच असेल तर २०२० च्या आधीची बीएस-४ डिझेल बघायला हरकत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. डोंबिवली स्टेशन ते घरडा सर्कल अशा छोट्या, खोळंबलेल्या फेऱ्यांत तो चोंदतो, आणि दुरुस्ती महाग पडते. बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा यांचे पार्ट्स आणि मेकॅनिक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. टवेरा स्वस्त मिळेल, पण शेवरलेने भारतातली विक्री २०१७ मध्येच बंद केली. बोलेरोच्या मागच्या आडव्या सीटवर मुलांना बसवणार असाल तर तिथे बेल्ट आहे का ते आधी बघा. ठाण्याच्या टॉवरमध्ये राहत असाल तर स्टॅक पार्किंगची उंची मोजा. स्कॉर्पिओ जवळपास दोन मीटर उंच आहे.

आपल्या भागात एक तपासणी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे गाडी पुरात होती का. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, आठवतंय ना? त्या दिवशी आसपासच्या किती पार्किंगमध्ये पाणी शिरलं असेल! अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेषा दिसते का बघा. सीटखालचे रूळ गंजलेत का, कार्पेटखाली वास येतो का, तेही बघा. मालक "कशाला एवढं उचकता" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

कागद बघताना नोंदणीची तारीख आधी. खासगी गाडीची मुदत १५ वर्षं. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी २०२२ पासून ६०० ची ५००० झाली, आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणून २०१२ ची 'एकदम कंडिशनमध्ये' गाडी स्वस्त का मिळतेय, हे कळलं असेल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की कल्याणच्या एमएच-०५ चं असो की ठाण्याच्या एमएच-०४ चं, आरटीओत स्वतः फॉलोअप घ्या. आणि इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, त्याच वेळी तो वापराच्या मर्यादांचा भाग एजंटसमोर मोठ्याने वाचा.