रक्तचाचणी मदतीला, निदानाला नव्हे



‘मोटर न्यूरॉनचा आजार आता एका रक्तचाचणीत कळतो, ईएमजीची (स्नायूंच्या विद्युत तपासणीची) गरज उरली नाही’, हे एका वाचकपत्रातील विधान रुग्णांची दिशाभूल करणारे आहे. चेतातंतूंना इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन रक्तात उतरते; ही चाचणी तेच मोजते. या आजारात ते बरेच वाढते, हे खरे. पण पक्षाघातात, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आणि डोक्याला जबर मार लागल्यावरही वाढते. म्हणजे चाचणी इजा दाखवते, कारण नाही. निदान आजही मेंदूविकारतज्ज्ञांची तपासणी, ईएमजी आणि एमआरआय यांवरच होते. या तपासण्या टाळल्या, तर मानेच्या मणक्यांमुळे मज्जारज्जूवर येणारा दाब किंवा मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी हे उपचार असलेले विकार नजरेतून सुटतील.

या प्रथिनाचे मोल मी नाकारत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत या आजाराच्या एसओडी-१ जनुकदोष असलेल्या रुग्णांसाठी टोफरसेन या औषधाला मंजुरी मिळाली, ती रक्तातले हेच प्रथिन घटल्याच्या आधारावर.

सोलापुरात यंत्रमागावर राबणाऱ्याच्या हाताची पकड सुटू लागली, तर त्याला महागड्या चाचणीच्या मागे धाडू नका. आधी सर्वोपचार रुग्णालयात दाखवा, वेळेत तज्ज्ञांपर्यंत पोहोचवा.

— एक वाचक, सोलापूर