ट्रॅक कोण आखतं?

दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडला की आमच्या मैदानावरचा चारशे मीटरचा ट्रॅक पहिल्यापासून आखावा लागतो. चार महिन्यांत फक्कीच्या रेघा वाहून गेलेल्या असतात, हरळी माजलेली असते आणि हरळीच्या आडोशानं सराटे पसरलेले असतात. जागा सरकारी आहे, पण ट्रॅक आखायचं काम कुणाच्याच नोकरीत बसत नाही. ते सात-आठ माणसं करतात. पीटीचे एक निवृत्त शिक्षक, सैन्यातून परतलेले एक हवालदार (त्यांना सगळं गाव मेजर म्हणतं), जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई, एक टेम्पोवाले, एक फॅब्रिकेशनवाले आणि ज्यांची पोरं कधीकाळी इथं पळाली असे काही पालक. मानधन नाही, नोंदणीकृत संस्था नाही, साधा फलकही नाही. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आमच्या गावात पळायची जागा आहे ती यांच्यामुळे.

पहिलं काम सराट्यांचं. सराटा वाळून गळून पडला आणि त्यावरून रोलर फिरला की काटा मातीत घट्ट बसतो, मग वर्षभर तळव्यात घुसत राहतो. म्हणून वेल हिरवा असतानाच मुळासकट काढावा लागतो. आमच्याकडची निम्मी पोरं अजून अनवाणी पळतात. खुरपं चालवण्यात आयांचा हात धरणारं कुणी नाही. एका पोरीची आई दर वर्षी येते, वेलाचं मधलं मूळ शोधून त्याखाली खुरपं घालते आणि अख्खी चटई उचलावी तसा वेल उचलून पाटीत टाकते. खालची एकही बी मागं राहत नाही.

मग आखणी. यात सरांचा शब्द शेवटचा.

दूरचित्रवाणीवर लाल सिंथेटिक ट्रॅक पाहिलेल्यांना वाटतं, अंडाकृती रेघ ओढली की झालं. प्रमाणित ट्रॅकची एकेक सरळ बाजू ८४.३९ मीटरची असते. दोन्ही टोकांना दोन अर्धवर्तुळं, त्यांची त्रिज्या ३६.५० मीटर, एका लेनची रुंदी १.२२ मीटर. पहिल्या लेनचे चारशे मीटर मोजायचे ते आतल्या कडेवरून नव्हे, पळणाऱ्याचं पाऊल जिथून जातं तिथून. आतल्या कडेला उंच कठडा असेल तर त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवरून, नुसती रेघ असेल तर २० सेंटिमीटरवरून. आमच्याकडे कठडा कुठला आला! म्हणून सर आतल्या रेघेसाठी ३६.६० ची त्रिज्या धरतात. पुस्तकातला ३६.५० चा आकडा जसाच्या तसा उचलला तर प्रत्येक राउंडला बासष्ट-त्रेसष्ट सेंटिमीटर कमी पडतात.

दुसऱ्या लेनचंही तेच. चारशे मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनच्या मुलाला ७.०४ मीटर पुढं उभं करायचं, असं कुठल्याही पीटीच्या पुस्तकात सापडेल. पण तो हिशेब कठड्याच्या ट्रॅकचा. फक्कीच्या रेघेवर पहिली लेनही २० सेंटिमीटरवरूनच मोजलेली असते, म्हणून फरक पडतो ७.६७ मीटरचा. शालेय स्पर्धा भरवणाऱ्या कितीतरी मैदानांवर हा भेद पाळला जात नाही आणि दुसऱ्या लेनचं पोर त्रेसष्ट सेंटिमीटर जास्त पळून येतं. त्याला कळतही नाही.

दोन्ही अर्धवर्तुळांचे मध्यबिंदू हा सगळ्याचा पाया. तिथं लोखंडी पाइपचे तुकडे काँक्रीटमध्ये जमिनीच्या बोटभर खाली गाडलेत, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. पाऊस सगळं धुऊन नेतो, हे दोन बिंदू राहतात. माती उकरून ते शोधायचे, त्यात खिळा उभा करायचा आणि स्टीलची टेप लावायची. कापडी टेप सर वापरू देत नाहीत, ती ओढली की ताणते. काटकोन तीन-चार-पाचच्या मापानं साधायचा. त्रिज्येला एक मूल टेप ताणून धरतं, दुसरं पाऊलभर अंतरावर खिळे ठोकत जातं, तिसरं खिळ्यांना सुतळी गुंडाळतं. ‘अगं, टेप जमिनीला टेकव, हवेत धरलीस तर माप खोटं पडतं!’ हे वाक्य त्या दिवशी मैदानभर ऐकू येत असतं. सुतळीवर शेवटी फक्की. कळीचा चुना सर मैदानावर येऊ देत नाहीत, तो डोळ्यात गेला तर डोळा गमावण्याची वेळ येते.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं गावातली शहाणी माणसं विचारतात. त्याचं उत्तर पोलीस भरतीत आहे. आमच्या मैदानावर पहाटे येणाऱ्यांत सगळ्यात मोठी संख्या भरतीच्या पोरापोरींची. शिपाई भरतीचं ग्राउंड ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांच्या १६०० मीटरला एकट्याला २० गुण आहेत आणि पैकीच्या पैकी हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. आता ट्रॅक आखताना त्रिज्या मीटरभर कमी पडली असं धरा. एका राउंडला सव्वासहा मीटर कमी, चार राउंडना पंचवीस. त्या वेगानं पंचवीस मीटर म्हणजे जवळजवळ पाच सेकंद. पोरगा सहा महिने रोज ५.०८ लावतो, घरी सांगतो, आई देवाला नारळ बोलते, आणि प्रत्यक्ष ग्राउंडला घड्याळ ५.१३ दाखवतं. तो स्वतःला दोष देतो, आहाराला देतो, नशिबाला देतो. दोष सुतळीचा असतो. ज्या घरात जमीन कोरडवाहू आणि दुसरी मिळकत नाही, तिथं एकेका गुणाचं मोल काय असतं हे मी सांगायला नको. म्हणून मला सरांची ती स्टीलची टेप न्यायाच्या कामातली वाटते.

गोळ्याचं वर्तुळ फॅब्रिकेशनवाल्यांनी वाकवून दिलं. पट्टी वाकवायला सोपी, व्यास २.१३५ मीटर बरोबर आणायला अवघड. त्यांनी तीनदा तोडून जोडली. समोरचा पल्ला ३४.९२ अंशांचा लागतो, आणि तो कोनमापक न लावता काढायची युक्ती आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे: मध्यापासून वीस मीटरवर दोन्ही रेघांमध्ये बरोबर बारा मीटर अंतर ठेवायचं, कोन आपोआप येतो. भूमितीची वही कोरी ठेवणारा एक मुलगा हे आठवीत शिकला आणि आता सरांच्या आधी तोच मोजून मोकळा होतो.

बाईंविषयी मात्र निवांत लिहायला हवं. त्या स्वतः कधी पळाल्या नाहीत. नियमांचं पुस्तकही त्यांना फारसं ठाऊक नाही. त्या पहाटे साडेपाचला मैदानावर येतात, लिंबाखालच्या ओट्यावर बसतात, हातात वही आणि स्टॉपवॉच. कोण आलं, कोण नाही, कुणाचं काय टायमिंग बसलं, कुणाचा पाय दुखतोय, कुणाची पाळी सुरू आहे म्हणून आज फक्त चालायचं, हे सगळं त्या वहीत. या ओट्यावर बाई बसायला लागल्या त्याच्या आधी पहाटेच्या अंधारात मैदानावर एकही मुलगी नसायची. कुठला बाप पाठवील? आता पाठवतात. ‘बाई आहेत ना?’ एवढं विचारतात आणि पाठवतात. मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं, त्या बरेच दिवस घरी होत्या. मैदान तेच, ट्रॅक तोच, सर आणि मेजर हजर. मुलींची संख्या मात्र आठवड्याभरात निम्म्याच्या खाली आली. मग तीन आयांनी वार वाटून घेतले आणि ओट्यावर बसायला सुरुवात केली. त्यातल्या एकीला घड्याळ वाचता येत होतं पण स्टॉपवॉच नाही, ते तिला तिच्याच लेकीनं शिकवलं.

आमच्या भागाला पळण्याचं वेड नवं नाही. ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या मोहीच्या. रिओला २०१६ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर एखादी भारतीय महिला अंतिम फेरीत पळत होती. बीड जिल्ह्यातला मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर शर्यतींकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत याच स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदानं, ८:११.१५ ला ८:११.२०. पुढच्या वर्षी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण घेतलंच. तिकडं नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं. ही नावं भाषणांत नेहमी येतात, गरिबीतून वर आल्याची गोष्ट सांगायला. मला त्यांच्याकडं पाहून दुसराच प्रश्न पडतो. साबळेला सैन्यात जाऊन जे मिळालं, मोजलेला ट्रॅक आणि घड्याळ धरून उभा असलेला जाणता माणूस, ते त्याला बाराव्या वर्षी आष्टी तालुक्यात मिळालं असतं तर? आणि त्याच्याबरोबर वर्गात असलेली, त्याच्याइतकीच चपळ, पण सैन्यात न गेलेली पोरं कुठं आहेत?

स्टीपलचेसचं वेड आता आमच्याकडंही आहे. अधिकृत शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. पाण्याचा खड्डा आमच्या तालुक्यात शक्य नाही, इथं एप्रिलमध्ये प्यायला टँकर येतो. मेजरनी बाभळीचा ओंडका तासून दोन दगडी चौथऱ्यांवर बसवलाय, मुलांच्या मापाचा, ९१.४ सेंटिमीटर उंचीवर. ओंडक्याच्या वरच्या बाजूची साल पायांनी घासून गुळगुळीत झालीय. पोरं त्यावर पाय देऊन पलीकडं झेपावतात आणि मेजर खालून ओरडतात, ‘नजर फुडं! लाकडाकडं काय बघतोस?’

सगळं गोड नाही. मागं एका मोठ्या सभेसाठी मैदान दिलं गेलं. मांडववाल्यांनी खांबांसाठी खड्डे घेतले, ट्रक थेट ट्रॅकवर आणले आणि पूर्वेकडचा मध्यबिंदू पाइपसकट उपटून टाकला. सभा झाली, माणसं गेली, खड्डे तसेच राहिले. परवानगी कुणी दिली हे विचारायला गेलेल्या सरांना तीन टेबलं फिरवलं. चौथ्या दिवशी नववीतल्या एका पोरीचा घोटा त्या खड्ड्यात मुरगळला आणि तिची जिल्हा स्पर्धा गेली. तिनं काही तक्रार केली नाही. सरांनी दुसऱ्या मध्यबिंदूवरून पुन्हा सगळं मोजून तो बिंदू बसवला, त्यात तीन रविवार गेले.

स्वयंसेवकांचं कौतुक करणारे लेख वाचले की मला एका गोष्टीची भीती वाटते. लोक करतात तर करू देत, असं म्हणून ज्यांचं काम आहे ते हात झटकून मोकळे होतात. मुंबईत नेपियन सी रोडवरचं प्रियदर्शिनी पार्क आणि तिथला ट्रॅक नागरिकांच्याच संस्थेनं घडवला, पण तो मलबार हिलचा भाग. तिथल्या नागरिकांमागे जे बळ आहे ते टेम्पोवाल्याकडं आणि फॅब्रिकेशनवाल्याकडं कुठून येणार? दुसरीकडं आमच्या पुढाऱ्यांकडं काही मागितलं की त्यांना सिंथेटिक ट्रॅकची घोषणा हवी असते, कोट्यवधींची. तो ट्रॅक आठ-दहा वर्षांत झिजतो, पुन्हा अंथरायला पुन्हा मोठा पैसा लागतो, आणि त्याला कुलूप लागलं की पहाटे साडेपाचला किल्ली कुणाकडं असते? १९६४ च्या टोकियोपर्यंत ऑलिम्पिकसुद्धा राखमातीच्या ट्रॅकवर झालं, सिंथेटिक आलं ते १९६८ ला मेक्सिकोत. मोजून आखलेला, पाणी मारून रोलर फिरवलेला मुरमाचा ट्रॅक तालुक्याच्या पोरांना पुरेसा आहे. हवं आहे ते फार थोडं: पहाटे आणि संध्याकाळी मैदान खेळासाठीच राखलं जाईल असं लेखी पत्र, एक नळ, मुलींसाठी दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह, आणि सभा-मांडवाची परवानगी देण्याआधी या माणसांना विचारण्याची पद्धत. मांडववाल्याकडून अनामत घ्यावी, खड्डे बुजवल्याशिवाय ती परत करू नये. यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयात जावं लागत नाही.

सरांचं वय झालंय. गुडघे वाकत नाहीत, म्हणून आता ते खुर्ची टाकून मध्यबिंदूपाशी बसतात आणि आकडे सांगतात. दहावीतल्या दोन मुली आणि तो भूमितीवाला मुलगा, तिघांना त्यांनी यंदा सगळी मापं लिहून दिली आहेत, दुसऱ्या लेनच्या ७.६७ पासून आठव्या लेनच्या ५३.६६ पर्यंत. पुढच्या वर्षी आखणी ही तिघं करणार आणि सर फक्त तपासणार, असं ठरलंय.

यंदाची आखणी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होईल. सुतळी, खिळे आणि फक्कीची पोती आली आहेत. कमी आहेत ती माणसं: टेप धरायला चार, पश्चिमेकडच्या वळणावर मुरूम पसरायला दहा-बारा, आणि रोज पहाटे ओट्यावर बसायला आणखी दोन बायका, कारण मुली वाढल्यात आणि एका वहीत मावत नाहीत. येताना घमेलं आणि खोरं आणा. गाडी शाळेच्या फाटकाबाहेर लावा, मैदानात आणू नका.