मुलाखत गेली, चूल राहिली

१ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाने ‘क’ गटातील व ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. वशिल्याची एक वाट त्यामुळे बुजली, हे स्वागतार्हच होय. परंतु लेखी परीक्षेचे यश अभ्यासाच्या तासांवर अवलंबून असते, आणि ते तास घरात ठरतात.

नांदेड-लातूरकडील अनेक खेड्यांत थंडीत आंघोळीचे पाणी आजही तुराट्या-पऱ्हाट्यांवर तापते. ते सरपण वेचण्याचे काम बहुधा मुलीच्या वाट्याला येते. २०१६ मध्येच उज्ज्वला योजनेने गरिबाघरी गॅस आणला. मात्र जोडणी एकदाच मिळते. टाकी पुनःपुन्हा भरावी लागते. अनुदान खात्यावर जमा होते ते पूर्ण किंमत मोजल्यानंतर. ज्या घरात रोख पैसा सुगीलाच दिसतो, तेथे साहजिकच गॅस चहापुरता उरतो. सरपण फुकट भासते, कारण मुलीच्या वेळेचे मोल कोणत्याच हिशेबात धरले जात नाही.

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात येथील तरुणांनी रोजगार मागितला होता. त्या मागणीइतकीच आज एक साधी मागणी महत्त्वाची आहे: अनुदान टाकी घेतानाच किमतीतून वजा व्हावे. प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी देणाऱ्या शासनाने तिच्या तयारीचा वेळही थोडा सारखा करावयास नको काय?