खोडव्याचे बेणे आणि गाडीचे जुने स्प्रिंग



आपल्या वार्तापत्रात ऊस लागण, खत-पाणी, तोडणी-वाहतूक यांवर नेहमी लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आता पुष्कळ सभासदांच्या दारात बैलगाडीच्या जागी चारचाकी उभी असते. कोणाकडे बोलेरो, कोणाकडे ब्रेझा किंवा नेक्सॉन, तर कोणाकडे जुनी डस्टर. याच गाडीतून पोरे कॉलेजला जातात, म्हातारी माणसे दवाखान्यात जातात आणि वेळ पडली तर युरियाची पोतीही येतात. रस्ते कसे आहेत ते मी सांगायला नको. मग काही वर्षांनी गाडी एका अंगाला बसते, मागून खाली दिसू लागते, खड्ड्यात 'धाड' असा आवाज येतो. मिस्त्री सांगतो, "स्प्रिंग गेले." आणि लगेच कोणीतरी सल्ला देतो, "अहो, नवे कशाला? जुन्या बाजारातून ओरिजिनल उचला, निम्म्यात काम होईल."

या सल्ल्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. माझे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या बाजारातून दरवाजा घ्या, आरसा घ्या, दिव्याची काच घ्या, सीट घ्या. त्यात काही वावगे नाही. स्प्रिंग मात्र शक्यतो घेऊ नये. हे मत का, ते आता पाहू.

स्प्रिंगचे काम काय?

स्प्रिंगचे पहिले काम म्हणजे गाडीचे आणि माणसांचे वजन पेलणे. दुसरे काम तितकेच महत्त्वाचे, पण त्याकडे आपले लक्ष नसते. खड्डा असो की गतिरोधक, चाक रस्त्याला टेकलेले राहावे हे ते काम. चाक रस्त्यावर असेल तरच ब्रेक लागतो आणि स्टेअरिंग ऐकते. स्प्रिंग दबून सुटताना जी उसळी येते ती आवरण्याचे काम शॉकअपचे. ही दोघांची जोडी आहे. एक बिघडला की दुसऱ्यावर ताण येतो.

बोलेरोला पुढे गुंडाळीचे स्प्रिंग आणि मागे पाटे असतात. ब्रेझा, नेक्सॉन, डस्टर अशा गाड्यांना सर्वसाधारणपणे पुढे-मागे गुंडाळीचेच स्प्रिंग असतात. पाट्याचे एक बरे असते. तुटला तर दिसतो, आणि ट्रॉलीमुळे आपल्याला त्याची ओळखही असते. गुंडाळीचे स्प्रिंग मात्र चाकाच्या आत, वाटीत बसलेले असते. त्याचे दुखणे सहजी दिसत नाही.

वय डोळ्याला दिसत नाही

आपण लागणीसाठी बेणे कसे निवडतो? नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणे मळ्यातले, निरोगी. शेजाऱ्याने फुकट दिले तरी खोडव्याचे बेणे शहाणा शेतकरी लावत नाही. वरून ऊस हिरवागार दिसला तरी आत काय रोग आहे ते लावल्यावरच कळते, आणि तोवर वर्ष गेलेले असते. जुन्या स्प्रिंगचे नेमके तसेच आहे.

लोखंडाची साखळी ओढून तुटते, ते आपल्याला समजते. स्प्रिंग तसे तुटत नाही. ते दमून तुटते. रस्त्यावर धावताना स्प्रिंग हजारो-लाखो वेळा दबते आणि सुटते. प्रत्येक वेळी त्याच्या तारेला पीळ बसतो, आणि हा ताण तारेच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो. म्हणून कारखान्यात स्प्रिंग तयार झाल्यावर त्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा जोरदार मारा करतात. त्यामुळे वरचा थर आतल्या आत आवळला जातो आणि चीर लवकर पडत नाही. वरून रंगाचा पक्का लेप देतात.

हा लेप दगड उडून एकदा निघाला की तिथे पाणी लागते, गंज चढतो आणि सुईच्या टोकाएवढा खळगा पडतो. त्या खळग्यापाशी ताण एकवटतो, तिथून बारीक चीर सुरू होते आणि दबण्या-सुटण्याबरोबर ती आत सरकते. एक दिवस साध्या गतिरोधकावर स्प्रिंग 'कट' करून तुटते. ज्या थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे स्प्रिंग तुटण्याची ही तक्रार जुनीच आहे. आपल्याकडे किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीचीही तीच गत. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगली भागात पाणी किती चढले होते ते आपण विसरलेलो नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीचा भाग काळा रंग मारून समोर आला, तर तो कसा ओळखणार?

पुढच्या चाकाच्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटला तर त्याचे टोकदार तोंड टायरला चाटू शकते. वेगात टायर कापला गेला म्हणजे काय होईल, ते लिहून दाखवायला नको.

तुटण्याखेरीज दुसरे दुखणे म्हणजे 'बसणे'. जुन्या स्प्रिंगची उंची कमी होते. त्याचा कडकपणा जवळपास तसाच राहतो, त्यामुळे हाताने दाबून काही कळत नाही. परंतु उंची गेल्याने खड्ड्यात स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते आणि धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला बसतो. आपली गाडी बसली म्हणून आपण दुसऱ्याच्या गाडीचे अर्धे बसलेले स्प्रिंग विकत आणायचे, याला काय म्हणावे?

"मग लोहार कसा वापरतो?"

यावर एक सभासद हमखास विचारील, "आमच्या गावचा लोहार जुन्या पाट्याचाच कोयता करतो, आणि तो चांगला चालतो. ते कसे?" प्रश्न रास्त आहे. स्प्रिंगचे पोलाद मुळात उत्तमच असते. पण लोहार पाटा तसाच वापरत नाही. तो चिरलेला, गंजलेला भाग तोडून टाकतो, उरलेला लालबुंद तापवतो, घणाने ठोकतो आणि पुन्हा पाणी देतो. म्हणजे त्या पोलादाला तो नवा जन्म देतो. शिवाय कोयता मोडला तर तोडणी घडीभर थांबते. भरधाव गाडीत पाच माणसे बसलेली असतात. जुन्या पाट्याची खरी जागा लोहाराच्या भट्टीत आहे, दुसऱ्याच्या गाडीखाली नाही.

उलट जो मिस्त्री बसलेले स्प्रिंग गॅसने तापवून ताणून देतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावे. कारखान्यात मोजून-मापून दिलेले पाणी तो क्षणात उतरवतो. स्प्रिंगला वेल्डिंगचा नुसता टाका लागला तरी ते बाद समजावे.

"नकली नव्यापेक्षा ओरिजिनल जुने बरे"

जुन्याच्या बाजूने हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो अगदीच खोटा नाही. बाजारात नकली माल आहे. कंपनीच्या डब्यासारखा डबा छापून आत कसल्याही तारेचे स्प्रिंग घालणारे लोक आहेत. त्या मानाने चांगल्या गाडीचे जुने स्प्रिंग परवडले, असे एखाद्याला वाटले तर नवल नाही. परंतु आपल्यापुढे हे दोनच रस्ते नाहीत. कंपनीच्या अधिकृत दुकानातून, किंवा नावाजलेल्या स्प्रिंग उत्पादकाकडून, पक्की पावती घेऊन नवे स्प्रिंग घेणे हा तिसरा रस्ता उघडा आहे. नकलीला उत्तर भंगार नव्हे, पावती आहे.

आता पैशाचा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा नवी जोडी ५,००० रुपयांना आणि जुनी २,००० ला मिळते. उतरवणे-बसवणे आणि चाकांचे अलाइनमेंट मिळून २,००० रुपये; ही मजुरी नव्याला आणि जुन्याला सारखीच. म्हणजे नव्याचा खर्च ७,००० आणि जुन्याचा ४,०००. नवी जोडी आठ वर्षे चालली तर वर्षाला ८७५ रुपये पडले. जुनी दोनच वर्षे चालली तर वर्षाला २,०००. स्वस्त कोणते? जुनी जोडी नव्याइतकी स्वस्त पडायची तर ती साडेचार वर्षांहून जास्त टिकली पाहिजे, आणि ती टिकेल असे लिहून देणारा दुकानदार मला तरी अजून भेटला नाही.

जाडजूड म्हणजे मजबूत नव्हे

आपल्या पोरांना गाडी उंच आणि दणकट हवी असते. जुन्या बाजारात "हे जरा जाड तारेचे आहे, दबणारच नाही" असे सांगून दुसऱ्याच गाडीचे स्प्रिंग गळ्यात मारले जाते. यातले गणित समजून घ्यावे. बाकी मापे तीच ठेवून तार १२ मिलिमीटरऐवजी १३ ची केली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. एका मिलिमीटरने एवढा फरक! मग मूळ शॉकअपला ती उसळी आवरत नाही, चाक रस्ता सोडते आणि हादरा बसतो तो माणसांच्या मणक्यांना. एकाच मॉडेलच्या डिझेल आणि पेट्रोल गाडीचे पुढचे स्प्रिंगही पुष्कळदा वेगळे असतात, कारण डिझेल इंजिन जड असते. म्हणूनच कंपनी त्यावर रंगाच्या खुणा करते. त्या खुणा पुसलेले स्प्रिंग म्हणजे टॅग नसलेले बियाणे.

आणि स्प्रिंग बसले कशाने, हेही स्वतःला विचारावे. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे. आठ पोती म्हणजे ३६० किलो, वर दोन माणसे. या लहान गाड्या माणसांसकट साधारण चार-साडेचारशे किलोच्याच असतात. पोत्यांसाठी ट्रॉली आहे. गाडीला पोती वाहायला लावायची आणि मग स्प्रिंगला नावे ठेवायची, हे बरे नव्हे.

घ्यायचेच झाले तर

मॉडेल बंद पडले, नवा माल मिळत नाही, अशी वेळ येऊ शकते. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. आधी दुखणे खरेच स्प्रिंगचे आहे का ते पाहावे. आवाज पुष्कळदा रबरी बुश, शॉकअप किंवा त्याच्या वरच्या माउंटचा असतो.

२. डावे-उजवे दोन्ही एकाच गाडीचे आणि एकदमच बदलावे. एक नवे, एक जुने असे कधीही करू नये.

३. मॉडेल, इंजिन आणि रंगाची खूण जुळली पाहिजे. गाडी का मोडीत निघाली ते विचारावे. कमी चाललेली, अपघातात मागून ठोकलेली असेल तर तिचे पुढचे स्प्रिंग त्यातल्या त्यात बरे.

४. तारेच्या ब्रशने घासून, विशेषतः खालचा वेढा, उजेडात पाहावा. खळगे दिसले की परत द्यावे. ताजा काळा रंग असेल तर संशय घ्यावा.

५. दोन्ही सपाट फरशीवर शेजारी उभे करून उंची मोजावी. फरक दिसला तर घेऊ नये.

६. जुन्या फिटर मंडळींची युक्ती करावी. स्प्रिंग डिझेलमध्ये काही वेळ बुडवून कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड किंवा चुना लावावा. चीर असेल तर आतले तेल पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मात्र रेघ उमटली नाही म्हणजे स्प्रिंग दमलेले नाही, असे समजू नये.

७. पावती घ्यावी, आणि हे काम बांधावर, जॅक लावून घरी करू नये. दाबलेले स्प्रिंग निसटले तर माणसाचा जीव घेऊ शकते. ते दाबून धरायचे योग्य अवजार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच करावे.

एक सूचना

एकटा सभासद दुकानात गेला की दुकानदार सांगेल तो भाव आणि देईल तो माल. ऊस एकत्र गाळून भाव मिळवायचा हे आपण शिकलो; मग सुटे भाग एकत्र का घेऊ नयेत? कारखान्याच्या भांडारामार्फत, सभासदांची आगाऊ मागणी नोंदवून, स्प्रिंग, पाटे, शॉकअप, ब्रेकचे भाग थेट उत्पादकाकडून मागविता येतील काय, याचा संचालक मंडळाने विचार करावा. मालाची खात्री राहील आणि भावही उतरेल. त्याचबरोबर दरवर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या सुमारास, ट्रॉल्यांची पाहणी होते तशी, सभासदांच्या गाड्यांची एक दिवस तपासणी ठेवता आली तर फार बरे होईल. कारखाना ऑफ सिझनमध्ये आपली प्रत्येक बेअरिंग उघडून पाहतो, कारण हंगामात थांबणे त्याला परवडत नाही. आपल्या घरच्या माणसांच्या बाबतीत आपल्याला तरी ते कुठे परवडते?

येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडण्याचा विचार आहे. सभासद बंधू-भगिनींनी आपली मते आपापल्या गट कार्यालयात जरूर कळवावीत, ही नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद