ऊस किती, आणि सलग किती?



इस्लामपूरच्या वेशीबाहेर पडून कुणालाही विचारा, रानात काय आहे? उत्तर एकच, 'सगळा ऊसच की!' पण ऊस किती आणि तो सलग किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लागण नोंदीतून पहिल्याचंच उत्तर मिळतं.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं २०१५ सालापासून फुकट मिळतात. त्यातला सर्वांत बारीक चौकोन १० मीटर लांब-रुंद, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. प्रत्येक चौकोनाला एकच नाव द्यायचं: ऊस, सोयाबीन, पडीक, वस्ती, पाणी. झाला नकाशा.

आता १०० चौकोनांची दोन शिवारं धरा. दोन्हीकडं ऊस ६० चौकोन. एकात साठही एकमेकांना चिकटलेले. दुसऱ्यात ओढा, गायरान, सोयाबीन मध्ये येऊन पाच-पाचाचे बारा तुकडे. टक्केवारी सारखीच. पण सर्वांत मोठा सलग तुकडा एकीकडं शिवाराच्या ६० टक्के, दुसरीकडं ५. उसाचं वर्चस्व कुठं जास्त, हे सांगायला मास्तर लागत नाही.

तारांची ठिणगी पडली तर आग टक्केवारी बघून थांबत नाही, मोकळं रान लागलं तर थांबते. २००२ साली लोकरी मावा आपल्याच सांगली जिल्ह्यात आढळला आणि पुढं कर्नाटकापर्यंत गेला, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. अर्थात, तुकडे झाले की सगळं भलं, असंही नाही. बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब हा हुमणीच्या भुंगेऱ्यांचा चाराच.

या आकड्यात गोम आहे. आडसाली, सुरू, खोडवा सगळ्याला 'ऊस' म्हटलं तर तुकडा मोठा. वेगळी नावं दिली तर तोच लहान. लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे ९ आरांचा. त्यात ओढ्याची चिंचोळी पट्टी बुडते आणि दोन फड कागदावर एक होतात. कोपऱ्याला कोपरा टेकला तर सलग धरायचं का, हेही आधी ठरवावं लागतं. गेल्या साली एक रीत अन् औंदा दुसरी, असं केलं तर तुलना फोल.

ही नावं उपग्रह ठरवत नाही. ती शेती खात्यानं गटातल्या सभासदांबरोबर बसून ठरवावीत, आणि गटवार तक्त्यात 'सर्वांत मोठा सलग तुकडा' असा रकाना वाढवावा, अशी आमची संचालक मंडळाला सूचना आहे. जिथं तो फुगलेला दिसेल तिथं मध्ये सोयाबीन-हरभऱ्याचा पट्टा घ्यायला बियाण्याची मदत द्यावी. शेजाऱ्याचा फड वाचावा म्हणून एकट्यानं आपला ऊस कोण मोडणार?