जुलाबाचे मूळ औषधांच्या चिठ्ठीत

कनेरगाव नाका येथील रुग्णाला गंभीर आजारात हिंगोली किंवा वाशीम गाठावे लागते; तेथे भागले नाही, तर नांदेड किंवा अकोला. दवाखाना बदलला की औषधे बदलतात आणि आधीची चिठ्ठी बहुधा घरीच राहते. घरी परतल्यावर आठवड्याभरात जुलाब सुरू झाले, की दोष पाण्याला किंवा बाहेरच्या खाण्याला दिला जातो. नुकत्याच घेतलेल्या प्रतिजैविकांची आठवण क्वचितच कोणाला होते.

‘क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल’ हा जीवाणू १९३५ मध्ये नवजात बालकांच्या विष्ठेत आढळला. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या आतड्याच्या दाहाशी त्याचा संबंध मात्र १९७८ मध्ये उघड झाला. मोठ्या आतड्यातील उपकारक जीवाणूंच्या गर्दीत त्याला एरवी डोके वर काढता येत नाही. प्रतिजैविके ही वस्तीच उठवतात. मग तो फोफावतो आणि त्याची विषे आतड्याच्या अस्तराला इजा करतात. वारंवार पातळ शौच, पोटात कळा, ताप ही लक्षणे. आजार बळावल्यास आतडे फुगून जिवावर बेतते. अमेरिकेत २०११ या एका वर्षात सुमारे पाच लाख जणांना ही लागण झाल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे लहान शहरांत याची तपासणी सहसा होत नाही. त्यावरून रुग्णच नाहीत असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पासष्टी ओलांडलेले, दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेले आणि कर्करोगावरील उपचारांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांना धोका अधिक. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन व फ्लुरोक्विनोलोन गटांतील औषधांनंतर तो विशेष वाढतो आणि औषध संपल्यावरही काही आठवडे टिकतो. यांतील अनेक सेफॅलोस्पोरिन औषधे मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपण्याचे बंधन औषधविक्रेत्यावर आहे. त्याची अंमलबजावणी किती काटेकोर होते, हे ग्राहकांना ठाऊक आहेच.

या जीवाणूचे बीजाणू पलंगाच्या कठड्यांवर, दारांच्या मुठींवर महिनोन्‌महिने तग धरतात. करोनाकाळात अंगवळणी पडलेले अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरते. साबण व वाहते पाणी यांनीच हात धुवावे लागतात. फरशी व कठड्यांसाठी क्लोरीनयुक्त द्रावण लागते. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांना हे सहसा कोणी सांगत नाही.

उपचारात शक्य असल्यास मूळ प्रतिजैविक थांबवून व्हँकोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन तोंडावाटे दिले जाते. व्हँकोमायसिन शिरेतून दिल्यास ते आतड्यात पुरेसे पोहोचत नाही. जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेणे धोक्याचे. बरे झालेल्या पाच-सहा रुग्णांपैकी एकाला हा आजार पुन्हा गाठतो, बहुधा दोन महिन्यांच्या आत.